सभा संपल्यावरचा राग : घोडबंदर रस्त्यावरील एका खजिनदारांचे प्रकरण

हे प्रकरण ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारांचे आहे. त्यांच्या परवानगीने ते लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचे वय ५४ वर्षे. रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते मालरवानगीचे काम पाहतात. सहा वर्षांपासून त्यांना रक्तदाब आहे आणि त्यासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे, जी ते आठवड्यातून दोन-तीनदा विसरत असत. मधुमेह नाही, तंबाखू नाही. अकरा वर्षे मी त्यांच्या घरचा डॉक्टर आहे, आणि या प्रकरणात माझा स्वतःचा एक सल्लाही गुंतलेला आहे, म्हणून ते लिहिणे मला आवश्यक वाटते.

रविवारची संध्याकाळ

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागत असल्याने सप्टेंबरचे रविवार आमच्या भागात सभांचेच असतात. या संस्थेची सभा साडेसहाला सुरू झाली. हिशेबपत्रके मंजुरीला आली तेव्हा एका तरुण सभासदाने विचारले की, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पाण्याचे ३५ टँकर लागले असताना मे महिन्यात ४६ कसे लागले. प्रश्न रास्त होता. उन्हाळ्यात या पट्ट्यातील अनेक संकुलांचे टँकरशिवाय भागत नाही, आणि एका टँकरचे २,२०० रुपये धरले तर ४६ टँकरचे १,०१,२०० रुपये होतात, जे सभासदांनी भरलेल्या मेंटेनन्समधूनच जातात. परंतु प्रश्नाच्या शेवटी त्याने आणखी एक वाक्य जोडले : "टँकर खरंच आले होते, की नुसत्या पावत्याच आल्या?"

उत्तर खजिनदारांच्या मांडीवरच्या फाइलमध्ये होते. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी त्या मे महिन्यात दोन वेळा पाणी बंद राहिले होते, त्या दिवसांत ११ टँकर जादा मागवावे लागले होते, प्रत्येक पावतीवर गाडीचा क्रमांक आणि सुरक्षारक्षकाची सही होती, आणि हे सारे कारण खजिनदारांनी स्वतःच्या हाताने एका पानावर लिहून पावत्यांच्या वर टाचून ठेवले होते. त्या क्षणी त्यांना त्यातले काहीही आठवले नाही. त्यांनी फाइल उघडली, पाने पुढे-मागे केली, हात थरथरत असल्यामुळे गुलाबी पावत्यांचा गठ्ठा हातातून निसटून फरशीवर पसरला, आणि ते ओरडू लागले. नऊ वर्षे एक पैसा न घेता मी राबतो आहे, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तेव्हा तो सभासद शांतपणे म्हणाला, "काका, हिशेब द्या ना, ओरडता कशाला?" खजिनदारांच्या पत्नीने नंतर मला सांगितले, "डॉक्टर, तो काका म्हणाला ना, तिथंच ह्यांचा तोल गेला." अध्यक्षांनी विषय तहकूब केला आणि आठच्या सुमारास सभा संपली.

घरी आल्यावर त्यांनी गॅलरीत येरझाऱ्या घालत तीन फोन केले : पहिला डोंबिवलीच्या धाकट्या भावाला, दुसरा पुण्यात शिकणाऱ्या मुलीला आणि तिसरा संस्थेच्या माजी सचिवांना. तिन्ही फोनवर तीच हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली गेली आणि दर वेळी आवाज अधिक चढत गेला, असे पत्नीचे निरीक्षण आहे. तिसऱ्या फोनच्या मध्यावर, सव्वानऊच्या सुमारास, त्यांच्या छातीवर दडपण आले, डावा खांदा जड झाला आणि कपाळावर घाम फुटला. पत्नीने हातातून फोन काढून घेतला. माझे घर दवाखान्याच्या वरच असल्याने ते दोघे रिक्षाने माझ्याकडे आले. हे योग्य नव्हते. छातीत दडपण आणि घाम अशी लक्षणे एकत्र असतील, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालयातच जायला हवे.

दवाखान्यातील नोंदी

रात्री ९.४० वाजता रक्तदाब १९६/११२, नाडी मिनिटाला ११६, तळहात थंड आणि ओले. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला तेव्हा १८८/१०८. ईसीजीमध्ये झटक्याच्या स्पष्ट खुणा नव्हत्या, पण हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यावर दीर्घकाळ ताण असल्याचे दिसत होते. जिभेखाली कॅप्सूल फोडून लगेच दाब उतरवावा, असा पत्नीचा आग्रह होता. पूर्वी तसे करीतही असत. मात्र दाब एकदम कोसळला तर मेंदू आणि हृदय यांनाच रक्त कमी पडते, म्हणून ती पद्धत आता मागे पडली आहे. मी त्यांना रुग्णवाहिकेने रुग्णालयात पाठवले. तिथे काही तासांच्या अंतराने दोन वेळा केलेली ट्रोपोनिनची रक्ततपासणी सामान्य आली, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली नव्हती. सोनोग्राफीत डाव्या कप्प्याची भिंत किंचित जाड झालेली आढळली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घरी सोडले.

त्याच रात्री दोन वाजता, वॉर्डात पडल्या पडल्या, फाइलमधले ते पान त्यांना शब्दशः आठवले. पाणी बंद राहिल्याच्या तारखासुद्धा आठवल्या. पत्नीला उठवून त्यांनी त्या सांगितल्या. मला या प्रकरणातील सर्वांत बोलका प्रसंग हाच वाटतो.

सभेत मेंदूचे काय झाले

माहिती मेंदूत होती, तरी ऐन वेळी ती हाती आली नाही. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग असतो. समोरून येणारी गोष्ट धोक्याची आहे का, याची तो फार वेगाने छाननी करतो, आणि चारचौघांत चोरीचा आळ येणे हा माणसाच्या मेंदूच्या लेखी धोकाच असतो. तिथून हायपोथॅलॅमसला, म्हणजे शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रियांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या तळाच्या भागाला, इशारा जातो, तिथून मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथींना, आणि काही सेकंदांत रक्तात ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन ही संप्रेरके उतरतात. नाडी वाढते, दाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते, आणि रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, अधिक चिकट होतात. जखम होण्याची शक्यता असलेल्या झटापटीत ही सगळी तयारी उपयोगाची असते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली तिचे सविस्तर वर्णन केले. सभागृहात खुर्चीवर बसलेल्या माणसाला मात्र या तयारीचे काहीच करता येत नाही, आणि आपल्या गृहस्थांच्या बाबतीत ती थरथरणाऱ्या हातांतून आणि आवाजातून बाहेर पडली.

या खालच्या यंत्रणेवर लगाम असतो तो कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा. तुलना करणे, आकडे क्षणभर डोक्यात धरून ठेवणे, तोंडाशी आलेला शब्द गिळणे, ही त्याची कामे. कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात मेंदूचा वरचा थर काढलेल्या मांजरांमध्ये पाहिले की, नुसत्या स्पर्शानेही ती फिस्कारतात, नखे काढतात, त्यांचा दाब चढतो. आणि १९२८ साली फिलिप बार्ड यांनी दाखवले की हायपोथॅलॅमसचा मागचा भाग शाबूत असेल तोवर हा आवेश उमटतो. राग तयार करायला वरच्या मेंदूची गरज लागत नाही. तो आवरायला लागते. माणसात हा वरचा मेंदू जागेवरच असतो, पण नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन ही मेंदूतील रसायने माफक असताना तो उत्तम चालतो व त्यांचा पूर आला की ढिला पडतो. त्यातच कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक वाढले की साठवलेली माहिती आठवणे आणखी अवघड जाते. खजिनदारांची स्मरणशक्ती गेली नव्हती, तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी बंद झाली होती; म्हणूनच रात्री दोन वाजता, शरीर निवल्यावर, ते पान आपोआप समोर आले. सभेत मात्र लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की, ज्याला हिशेब सांगता येत नाही तो ओरडतो. त्यांच्यावर हा अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे, आणि रागात अडखळणाऱ्या माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याची आपल्या सभांमधली घाई मला फार खटकते.

फोनवरचा सव्वा तास

राग आल्याने दाब वाढला एवढ्यावर हे प्रकरण मिटवता आले असते. पण वेळ नीट मांडून पाहिली तर ते पटत नाही. वाद पावणेआठच्या आसपास झाला आणि लक्षणे सव्वानऊला आली. रक्तातील ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. कॉर्टिसॉल सावकाश चढते, वीस ते तीस मिनिटांनी शिगेला पोहोचते आणि उतरायला तास-दीड तास घेते. म्हणजे आठ वाजता घरी येऊन ते स्वस्थ बसले असते, तर साडेआठपर्यंत त्यांची नाडी बहुधा ताळ्यावर आली असती. ती आली नाही, कारण तो वाद गॅलरीत आणखी तीन वेळा झाला.

मेंदूला घडणारी घटना आणि तपशिलाने आठवलेली घटना यांत शरीरापुरता फारसा फरक करता येत नाही. २०२४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८० निरोगी प्रौढांना वेगवेगळ्या गटांत विभागले होते. त्यांतील एका गटाला राग आणणारा जुना प्रसंग फक्त आठ मिनिटे आठवायला सांगितला. त्यानंतर ४० मिनिटांपर्यंत त्यांच्या रक्तवाहिन्यांची गरजेनुसार रुंदावण्याची क्षमता कमी झालेली आढळली. दुःख किंवा चिंता आठवणाऱ्यांत तसा ठळक परिणाम दिसला नाही. तिथे समोर कोणी भांडणारा नव्हता, होती ती आठवण. आमच्या रुग्णाने आठ मिनिटे नव्हे, सव्वा तास ती आठवण उगाळली, तीही चालत, मोठ्याने, आणि समोरचा "बरोबर आहे तुझं" म्हणत असताना. रुंदावू न शकणाऱ्या रक्तवाहिन्या, वेगाने आकुंचन पावणारे हृदय, चिकट झालेल्या बिंबिका आणि सहा वर्षांच्या रक्तदाबाने जाड झालेली हृदयाची भिंत, हे सगळे सव्वानऊ वाजता एकत्र आले होते.

अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली केलेल्या आढाव्यात असे दिसले की, रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा जवळपास पाच पट असतो. हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मूळ धोकाच लहान असतो : महिन्यातून एकदा संतापणाऱ्या, हृदयविकाराचा धोका कमी असलेल्या दहा हजार माणसांत त्यामुळे वर्षाला एक झटका वाढतो आणि धोका जास्त असलेल्यांत चार. दिवसातून अनेकदा भडकणाऱ्या माणसाचे गणित मात्र वेगळे होते. जॉन हंटर हे अठराव्या शतकातील लंडनचे नामांकित शल्यचिकित्सक. त्यांना स्वतःला छातीत कळा येत असत, आणि आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती आहे, असे ते म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या मंडळाच्या बैठकीत वाद झाला, ते खोलीबाहेर पडले आणि तिथेच कोसळून मरण पावले. ही हकीकत मी खजिनदारांना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता माझ्या सल्ल्याविषयी. त्याच वर्षी मार्चमध्ये कारखान्यातील एका प्रकरणाने ते धुमसत होते आणि मी त्यांना म्हणालो होतो, "मनात साठवू नका, कोणाजवळ तरी बोलून मोकळे व्हा." त्यांनी तो सल्ला मनापासून पाळला, ते तीन फोन त्याच सल्ल्याचे होते. कुकरची वाफ सोडली नाही तर तो फुटेल, ही उपमा आपल्या सगळ्यांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की डॉक्टरही तीच पुढे देतात. पण रागाचा साठा नसतो. तो प्रत्येक वेळी नव्याने तयार होतो, आणि मोठ्याने सांगताना अधिकच तयार होतो. २०२४ मधील एका मोठ्या विश्लेषणात १५४ अभ्यास आणि १०,१८९ व्यक्तींची माहिती तपासली गेली : शरीराचा आवेश उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वसन, ध्यान, योग यांनी राग कमी झाला, आवेश चढवणाऱ्या गोष्टींचा एकंदरीत उपयोग झाला नाही, आणि धावण्याने तर तो वाढलाच. म्हणजे येरझाऱ्या घालत बोलण्याचाही त्यांना फायदा नव्हता. राग गिळून दात-ओठ खात बसावे, असा याचा अर्थ मुळीच नाही, कारण गिळलेला राग माणूस आतल्या आत उगाळत राहतो आणि शरीराला त्याने तेच होते. बोलण्यालाही माझा विरोध नाही. पुढे काय करायचे यासाठी बोलणे आणि तोच प्रसंग पुन्हा पेटवण्यासाठी बोलणे, हा फरक मला मार्चमध्ये सांगता आला असता. मी सांगितला नाही.

बारा आठवडे

औषधांचा भाग थोडक्यात सांगतो : दुसरी गोळी वाढवली आणि दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाच्या डब्याशेजारी ठेवायला सांगितल्या, त्यामुळे विसरणे जवळजवळ थांबले.

झोपेकडे अधिक लक्ष द्यावे लागले. कापूरबावडी, माजिवडा आणि विटाव्याजवळची कोंडी चुकवण्यासाठी ते सव्वापाचला उठत आणि रात्री बाराच्या आधी आडवे होत नसत. झोप अपुरी असली की अमिग्डालावरचा लगाम सैल पडतो. २००७ च्या एका प्रयोगात एक रात्र जागवलेल्या लोकांचा अमिग्डाला त्रासदायक चित्रे पाहताना सुमारे ६० टक्के अधिक चेतवला गेला होता. संध्याकाळी घरी पोहोचताच मोजलेला त्यांचा दाब सरासरी १५८/९८ आणि अर्ध्या तासाने १४२/८८ असे, म्हणजे रस्त्यावरचा आवेश ते घरात घेऊन येत आणि चपला कुठे काढल्या यासारख्या कारणावर तो खर्च होई. झोपण्याची वेळ पावणेअकरावर आणायला पाच आठवडे लागले.

मुख्य काम होते वादानंतरच्या दोन तासांचे. आम्ही ठरवले की भांडण झाले की दोन तास ते कोणालाही सांगायचे नाही. आधी बसायचे, आणि मिनिटाला सहाच श्वास होतील इतक्या संथपणे, श्वास सोडताना अधिक वेळ घेत, दहा मिनिटे श्वसन करायचे. लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि नाडी उतरते. मग वहीत घटना तीन ओळींत लिहायची आणि शेवटी एका शब्दात भावना लिहायची. भावनेला नेमके नाव दिले की अमिग्डालाची चेतना कमी होते आणि कपाळामागचा मेंदू कामाला लागतो, हेही २००७ साली मेंदूच्या प्रतिमांमधून दिसले आहे. मराठीत यासाठी शब्दांची कमतरता नाही : चीड, वैताग, संताप, त्रागा, रुसवा, प्रत्येकाची जागा वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांच्या वहीत सगळीकडे फक्त "राग" होता. तिसऱ्या आठवड्यात, सभेची हकीकत पुन्हा लिहिताना, त्यांनी "अपमान" असे लिहिले. सातव्या आठवड्यात तो खोडून "भीती" असे लिहिले, आणि मला सांगितले की प्रत्येक पावतीवर त्यांचीच सही आहे, उद्या खरोखर कुठे गफलत निघाली तर नऊ वर्षांची अब्रू एका संध्याकाळी जाईल, हे त्यांना त्या क्षणी वाटले होते. हे त्यांनी पत्नीलाही सांगितले नव्हते. भीती आहे हे कळल्यावर तिच्यावर उपाय करता आला : त्यांनी दोन रविवार बसून तीन वर्षांच्या टँकरच्या पावत्या तारखेनुसार लावल्या आणि त्यांची यादी केली.

डिसेंबरमध्ये तहकूब विषयासाठी विशेष सभा झाली. त्याच सभासदाने तोच प्रश्न विचारला, या वेळी शेवटच्या वाक्याशिवाय. खजिनदारांचे हात याही वेळी थरथरले. "मला दोन मिनिटं द्या, पान काढतो," एवढेच ते म्हणाले, आणि सभागृह खरोखर दोन मिनिटे थांबले. त्यांनी ११ टँकरच्या तारखा, गाड्यांचे क्रमांक आणि रक्कम वाचून दाखवली. सभासदाने माफी मागितली नाही. हिशेब मंजूर झाला. घरी आल्यावर दाब १४८/९०, नाडी ९२; चाळीस मिनिटांनी १३६/८४, नाडी ७८. मुलीला फोन केला तो साडेदहा वाजता, आणि त्यातला बराचसा तिच्या परीक्षेबद्दल होता.

आज घरी मोजलेला दाब सरासरी १३२/८२ आहे. हृदयाची सोनोग्राफी वर्षाने पुन्हा करायची आहे. जाड झालेली भिंत किती निवळते, हे तेव्हा दिसेल. रस्त्यावरचा वैताग फारसा कमी झालेला नाही. खजिनदारपद सोडावे असा पत्नीचा आग्रह आहे आणि ते अजून तयार नाहीत. यावर मी मत दिलेले नाही. त्यांची वही मी पाहिली, तेव्हा डिसेंबरच्या सभेच्या तारखेपुढे, भावना लिहिण्याच्या जागी, एका शब्दाऐवजी दोन होते : "पान सापडले."